पडलेल्या घरांनी लिहिलेला कायदा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे बहुधा खर्चाच्या संदर्भात ऐकू येते. हिशेबाची वही पुढ्यात घेऊन कपाळाला हात लावलेला यजमान त्या म्हणीमागे उभा असतो. पण ‘बांधून पाहणे’ या शब्दांत आणखीही एक अर्थ दडलेला आहे. माणसाने हजारो वर्षे घरे बांधून पाहिली, त्यांतली काही पडली, ती का पडली हे त्याने पाहिले आणि पुढचे घर थोडे शहाणपणाने बांधले. या पाहण्याचा जो लेखी सारांश, त्यालाच आज आपण बांधकामाचे नियम म्हणतो.

मी स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक नव्हे. जुन्या गोष्टी धुंडाळण्याचा नाद, एवढेच माझे भांडवल. त्या नादातच एकदा भारताची राष्ट्रीय बांधकाम संहिता माझ्या हाती आली. १९७० साली ती प्रथम निघाली आणि पुढे १९८३, २००५ व २०१६ साली सुधारून वाढवण्यात आली. जिना किती रुंद असावा, भिंत किती जाड असावी, बाहेर पडायची वाट किती अंतरावर असावी, अशी रुक्ष वाक्ये पानोपानी! पण थोडे खोलात शिरल्यावर ध्यानात येऊ लागले की, या वाक्यांपैकी पुष्कळशी कुठल्या तरी पडलेल्या किंवा जळालेल्या घराने लिहिलेली आहेत. शाई फक्त नंतर उमटली.

या कायद्याचा उगम शोधू लागले की पाऊल थेट बाबिलोनमध्ये जाऊन पोहोचते. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी हम्मुराबी राजाने आपले कायदे एका काळ्या शिळेवर कोरून घेतले. ती शिळा १९०१ साली इराणातील सुसा येथे सापडली आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेली. तिच्यावर घर बांधणाऱ्यासंबंधी काही कलमे आहेत. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड. घरातली चीजवस्त गेली तर ती भरून द्यावी आणि घर पदरच्या पैशाने पुन्हा बांधून द्यावे. शेवटचे कलम मात्र सौम्य आहे : भिंत झुकू लागली तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने मजबूत करावी.

बापाच्या चुकीसाठी मुलाने मरावे हा न्याय आज आपल्या अंगावर काटा आणतो. पण मला त्या कायद्यातले खरे न्यून दुसरीकडेच दिसते. घर पडल्यावर काय करायचे ते तो बजावून सांगतो; घर पडू नये म्हणून काय करायचे याविषयी मात्र एक अक्षर बोलत नाही. गवंड्याच्या मनात भीती आहे, पण त्याच्या हाती माप नाही. आणि भिंत काही भीतीने उभी राहत नसते.

माप हाती यायला फार मोठी किंमत मोजावी लागली. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे लंडनमधील पुडिंग लेन या गल्लीत एका भटारखान्याला आग लागली. लाकडी घरे, अरुंद गल्ल्या, आणि वरचे मजले इतके पुढे आलेले की समोरासमोरच्या घरांची जणू डोकी एकमेकांना टेकलेली. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरांची राख झाली. दुसऱ्याच वर्षी, १६६७ साली, पुनर्बांधणीचा कायदा झाला. घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या वा दगडांच्याच हव्यात. रस्त्याच्या मानाने घरांचे चार वर्ग. प्रत्येक वर्गाला किती मजले आणि भिंतीची जाडी किती, हे ठरलेले. आणि त्यावर देखरेख करायला तपासनीस. हम्मुराबीचा कायदा घर पडल्यावर जागा होई. हा पाया खणतानाच हजर राहू लागला. शिक्षेकडून रीतीकडे, असा हा प्रवास आहे.

आपल्या मुंबईनेही हाच धडा गिरवला. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागून तिथली सुमारे एकतृतीयांश वस्ती जळाली आणि त्यानंतर कोटाबाहेरचे नवे शहर झपाट्याने वाढू लागले. पुढे १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला. डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने तो ओळखला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हेच रोगाचे माहेर असे त्या काळी मानले जाई. म्हणून १८९८ साली शहरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टच्या आखणीतला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मला फार आवडतो. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून तुमच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत एक तिरपी रेषा कल्पावी. तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. सोप्या भाषेत, इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा तिच्यापुढे सोडावी. सूर्यप्रकाशाचा वाटा असा कंपासपेटीतल्या कोनमापकाने ठरला!

आग आणि रोग दिसतात तरी. भूकंप मात्र पूर्वसूचना न देता येणारा पाहुणा. त्याच्याशी गणिताने बोलण्याचा एक आरंभीचा प्रयत्न आपल्या उपखंडात बलुचिस्तानात झाला. तिथे १९३१ साली भूकंप झाल्यावर रेल्वेतील एस. एल. कुमार या तरुण अभियंत्याने क्वेट्टा येथे रेल्वेची काही घरे नव्या रीतीने बांधवली. जमीन आडवी हलली तर घराला त्याच्या वजनाच्या एकदशांश इतका आडवा धक्का बसेल असे धरून त्याने हिशेब केला आणि रुळांचे लोखंड वापरून घरांना सांगाडा दिला. ३१ मे १९३५ च्या रात्री क्वेट्टा शहर कोसळले. हजारो माणसे गाडली गेली. कुमारांची घरे मात्र उभी राहिली. त्यानंतर त्या शहरात भूकंपाला तोंड देणारी बांधणी सक्तीची झाली.

स्वतंत्र भारतात भूकंपविषयक पहिले प्रमाण १९६२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा दख्खनचे पठार म्हणजे अढळ खडक, अशी सर्वसाधारण समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने त्या समजुतीला तडा दिला. धरणाला भेगा पडल्या, तरी ते उभे राहिले. कोयनानगरातील घरे मात्र टिकली नाहीत. १९७० साली देशाचा भूकंप-नकाशा सुधारला आणि कोयनेच्या परिसराला वरच्या धोक्याच्या विभागात घातले. गंमत अशी, आणि ही गंमत फार कडू आहे, की नकाशाने कोयनेपुरता धडा घेतला. पठाराचा पुष्कळसा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. त्यातच लातूर जिल्ह्यातले किल्लारी होते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे मरण पावली.

जुन्या किल्लारीच्या उजाड गावठाणातून मी नंतर हिंडलो आहे. तिथल्या भिंतींचे अवशेष पाहिले की कारण डोळ्यांना दिसते. भिंत दोन-अडीच हात जाड. पण ती एक भिंत नव्हेच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती व कपच्यांची भर. दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवद. उन्हाळ्यात थंडावा मिळावा, पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर दरसाल मातीची भर पडे आणि वजन वाढत जाई. धक्का बसताच भिंतीचे दोन थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडले आणि ते सारे ओझे निजलेल्या माणसांवर आले. जाड भिंतीच्या आडोशाला ज्यांना निर्धास्त वाटे, ते गाडले गेले. कुडाच्या हलक्या झोपडीत निजलेले पुष्कळ जण वाचले.

आता नियम काय सांगतो ते पाहा. दगडी भिंतीत उंचीच्या दर दोन फुटांवर आणि आडव्या अंतरात दर चार फुटांवर एक लांब दगड आरपार घालावा. दारे-खिडक्यांच्या वरून साऱ्या घराला कमरपट्ट्यासारखा सलग आडवा पट्टा द्यावा. खर्च म्हणाल तर साऱ्या घराच्या मानाने किरकोळ. अशा घरांसाठीचे स्वतंत्र भारतीय प्रमाण छापलेही गेले ते १९९३ सालीच! दैवाची चेष्टा यापेक्षा क्रूर काय असणार? पण ते दहा वर्षे आधी छापले असते, तरी किल्लारीच्या गवंड्यापर्यंत कोण घेऊन गेले असते? ते इंग्रजीत, तो मराठी. ते दिल्लीत, तो तेरणेकाठी.

भूकंपानंतर मात्र ती पायपीट झाली. उभ्या राहिलेल्या सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे काम सरकारने घरमालकांच्याच हाती दिले. जुन्या भिंतीला आरपार भोक पाडायचे, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे सुटलेले दोन थर पुन्हा एकमेकांचा हात धरतात, हे गावोगाव करून दाखवण्यात आले. गावातल्या बायका ‘संवाद सहायक’ होऊन घरोघरी गेल्या. आणि २००२ साली नकाशा पुन्हा सुधारला तेव्हा तो पहिला विभागच त्यावरून काढून टाकण्यात आला.

शिक्षा आणि रीत यांच्या पुढची ही तिसरी पायरी आहे : शिकवणे. राष्ट्रीय संहिता ही नमुना असते. राज्याने आणि नगरपालिकेने ती आपल्या नियमांत उतरवावी लागते, आणि शेवटी ती उतरायची असते ती सळई वाकवणाऱ्या हातात.

माझ्या भाचीचे घर सोलापूरकडे बांधले जात होते तेव्हा मी तिथे चार दिवस मुक्कामाला होतो. कंत्राटदाराचे म्हणणे, “एवढे बारकावे आपल्याकडे कोणी बघत नाही.” भाचीने त्याच्याशी वाद घातला नाही. खांबाच्या रिंगा वळणाऱ्या वयस्क मिस्त्रीशेजारी ती जाऊन बसली.

“मिस्त्रीमामा, रिंगेची टोकं अशी काटकोनातच का सोडताय?”

“पहिल्यापासून अशीच वळतो, ताई.”

“धक्का बसला की खांबाची वरची साल निघते. मग काटकोनातलं टोक उघडतं अन् रिंग सुटते. तेच टोक आणखी वाकवून खांबाच्या पोटात घातलं, एकशे पस्तीस अंश, तर सुटायला जागाच राहत नाही.”

मिस्त्रीने हातातली रिंग दोनदा फिरवून पाहिली. “म्हणजे गाठ आतून मारायची,” तो म्हणाला. “मग हे आधी कुणी सांगितलं का नाही?”

त्याने वळून ठेवलेल्या रिंगांचा ढीग पुन्हा पुढ्यात ओढला आणि एकेक टोक आत वाकवायला सुरुवात केली. त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हम्मुराबीच्या शिळेपासून आजच्या ग्रंथापर्यंत कायदा पुष्कळ चालून आला आहे; पण राहिलेले अंतर आहे ते त्या मिस्त्रीच्या हातापर्यंतचे, आणि ते चालायला सरकारी हुकुमाची वाट पाहावी लागत नाही. घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला गवंड्याशेजारी घटकाभर बसून ‘हे असे का?’ एवढे विचारता येते.