कीटकभक्षक वनस्पतींचे काचगृहांतील संवर्धन

कीटकभक्षक वनस्पती त्यांच्या मूळ अधिवासाबाहेर कुंडीत किंवा बंदिस्त जागेत वाढविण्याच्या पद्धती व त्यांत हवेतील आर्द्रतेच्या नियमनाला आलेले महत्त्व यांचा इतिहास. या वनस्पती नायट्रोजनाचा तुटवडा असलेल्या दलदलींत, पाणथळ कातळांवर वा धुक्याने वेढलेल्या डोंगरउतारांवर वाढतात. घटपर्णीच्या (नेपेंथिस) पानाच्या टोकाला तणाव्यासारखा भाग असून त्याचे टोक फुगून कलश तयार होतो. हवा कोरडी असल्यास पाने येत राहतात. परंतु कलश बनण्यापूर्वीच ते टोक वाळून जाते. त्यामुळे कलशाचा अभाव हे आर्द्रता अपुरी पडल्याचे एक लक्षण मानले जाते.

प्रारंभ : एत्येन द फ्लाकूर या फ्रेंच प्रशासकाने १६५८ मध्ये मादागास्करमधील घटपर्णीचे वर्णन प्रसिद्ध केले. श्रीलंकेतील जातीला लिनीअस यांनी १७५३ मध्ये नेपेंथिस डिस्टिलॅटोरिया हे नाव दिले. तथापि जिवंत रोपे यूरोपात पोहोचविणे दीर्घकाळ कठीण होते. जहाजाच्या डेकवर खारे तुषार व वारा यांनी ती मरत, तर डेकखाली प्रकाशाअभावी मरत.

वॉर्ड पेटी : ही अडचण नाथॅन्येल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) या लंडनच्या डॉक्टरांनी दूर केली. कोळशाच्या धुरामुळे त्यांच्या बागेतील नेचे जगत नसत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह काचेच्या झाकणबंद बाटलीत ठेवला असता तीत नेचा व गवत उगवले. दिवसा मातीतून व पानांतून निघालेली वाफ काचेवर साकळून पुन्हा मातीत उतरते, हे त्यांच्या ध्यानी आले. या तत्त्वावर बनविलेल्या दोन पेट्यांतून १८३३ मध्ये लंडनहून सिडनीला पाठविलेली रोपे सुस्थितीत पोहोचली. वॉर्ड यांचा या विषयावरील ग्रंथ १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून भारतात चहाची रोपे आणली, तीही अशाच पेट्यांतून. लहान आकाराच्या पेट्या पुढे दिवाणखान्यांत आल्या आणि घरात दमट हवा राखण्याचे ते पहिले सर्वमान्य साधन ठरले.

काचगृहांचा काळ : ब्रिटनमधील काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काचगृहे स्वस्त झाली. ती तापविणाऱ्या गरम पाण्याच्या नळांमुळे हवा कोरडी पडे. म्हणून माळी वाटांवर व भिंतींवर दिवसातून अनेकदा पाणी शिंपडीत आणि नळांवर पाण्याची उथळ पात्रे ठेवीत. व्हीच घराण्याच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी सु. १८६२ मध्ये घटपर्णीचा संकर साधला. जोसेफ डाल्टन हूकर यांचे १८७४ चे बेलफास्ट येथील भाषण व चार्ल्स डार्विन यांचा १८७५ मधील कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ यांमुळे या वनस्पतींविषयी कुतूहल आणखी वाढले.

उष्ण काचगृहाची चूक : सर्व घटपर्णी उष्ण कटिबंधातील असल्याने त्यांना अखंड उष्णता व दमटपणा हवा, अशी समजूत त्या काळी रूढ होती. बोर्निओतील किनाबालू पर्वतावर १,५०० मी.पेक्षा अधिक उंचीवर वाढणारी नेपेंथिस राजा ही प्रचंड कलशांची जाती हूकर यांनी १८५९ मध्ये वर्णिली. फ्रेडरिक विल्यम बर्बिज यांनी १८७७-७८ मधील सफरीत ती व्हीच यांच्यासाठी मिळविली. मात्र काचगृहांत ती क्वचितच नीट वाढली. या अपयशाचे कारण पाण्याच्या कमतरतेत नसून रात्रीच्या उष्णतेत होते. उबदार रात्री श्वसन वाढून दिवसा तयार झालेले अन्न खर्ची पडते. शिवाय पर्वतावरील आर्द्रता रात्रीच्या गारव्याशी निगडित असते. २५° से. तापमान व ६०% सापेक्ष आर्द्रता असलेली हवा सु. १७° से.पर्यंत थंड झाली, की बाहेरून पाणी न मिळताही ती संपृक्त होते व दव पडू लागते. बाहेरून केवळ वाफ पुरवून हा दैनंदिन फेरा साधत नाही.

अशीच दुसरी गफलत मातीचा ओलावा व हवेची आर्द्रता एकच मानण्यातून झाली. अमेरिकेतील व्हीनस फ्लायट्रॅप व सारासेनिया यांना सदैव ओली, आम्लधर्मी माती, भरपूर ऊन व हिवाळ्यात थंड विश्रांतिकाल लागतो. बंद, उबदार पेटीत त्यांना ही विश्रांती मिळत नाही. साचलेल्या हवेत बुरशीही धरते. महाराष्ट्रातील कास पठारासारख्या सड्यांवरील दवबिंदू (ड्रॉसेरा) व गेळ्याची वनस्पती (युट्रिक्युलेरिया) यांच्या अनेक जाती पावसाळ्यात वाढतात व सडा सुकू लागताच बी टाकून आपले जीवनचक्र संपवितात. आर्द्रता राखली तरी त्या वर्षानुवर्षे टिकतीलच असे नाही.

उतरती कळा व पुनरुज्जीवन : पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा व मनुष्यबळ दुर्मिळ झाल्याने अनेक उष्ण काचगृहे बंद पडली. व्हीच यांची चेल्सी येथील रोपवाटिका १९१४ मध्ये बंद झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान पंखे, आर्द्रतामापक, धुके निर्माण करणारी उपकरणे व विजेचे दिवे यांमुळे ही जोपासना घरगुती झाली. सावकाश रुळविल्यास बऱ्याच जाती मध्यम आर्द्रतेतही कलश धरतात, असेही आढळून आले.

संरक्षण : ज्या पेटीने रोपे सुरक्षित नेता येऊ लागली, तिनेच रानातून ती उपटून नेणेही सुलभ केले. संग्राहकांची मागणी व अधिवासाचा नाश यांमुळे अनेक जाती धोक्यात आल्या. मेघालयात आढळणारी नेपेंथिस खासियाना ही भारतातील एकमेव घटपर्णी होय. ती व नेपेंथिस राजा या दोन्ही जाती १९७५ मध्ये अंमलात आलेल्या संकटग्रस्त जातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात समाविष्ट असून रानातून गोळा केलेल्या रोपांच्या व्यापारावर त्यामुळे कडक निर्बंध आहेत. ऊतिसंवर्धनाने काचेच्या बंद नळीत, संपृक्त हवेत वाढविलेली रोपे आता उपलब्ध असतात. नळीतून बाहेर काढल्यावर त्यांची आर्द्रता काही आठवडे टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. रानातील साठ्याला हात न लावता ही आवड जोपासण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला आहे.