श्वानबली, पांजरपोळ व न्यास : निराश्रित कुत्र्यामांजरांच्या गृहपालनाचा विचार

प्रस्तुत लेखाचा विषय त्रैमासिकाच्या वाचकांस किंचित अपरिचित वाटण्याचा संभव आहे. सनदा, बखरी व ताम्रपट यांच्या पंक्तीस कुत्र्यामांजरांस कोठून आणून बसविले, असेही कोणी विचारील. तथापि दि. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोकाट कुत्र्यांविषयी जो आदेश दिला, त्याने हा विषय गावोगावच्या पालिकांच्या दप्तरात आणून ठेवला आहे. त्याच महिन्याच्या ११ तारखेस दिल्ली व लगतच्या प्रदेशातील कुत्री उचलून निवारागृहांत ठेवावी असा हुकूम झाला होता. तो २२ तारखेस बदलण्यात आला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेले कुत्रे मूळ ठिकाणी सोडावे, पिसाळलेले वा आक्रमक असल्यास सोडू नये, असे ठरले. आणि प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत नेण्यात आली. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश झाला. ऑगस्टच्या आदेशात एक कलम असे आहे की, ज्या कोणास इच्छा असेल त्याने पालिकेकडे अर्ज करून कुत्रे आपल्या घरी न्यावे. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. आमच्या मते इतिहासदृष्ट्या सर्वांत लक्षणीय कलम हेच होय. कारण प्राण्यास अन्न देणे निराळे व घर देणे निराळे, हा भेद आपल्याकडे फार जुना आहे, आणि हे कलम नेमके त्या उंबरठ्यावर उभे आहे.

भेद किती जुना आहे ते पाहावयाचे तर गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपासून आरंभ करावा लागतो. त्यांतील भूतयज्ञात कुत्री, कावळे, कृमी यांच्यासाठी अन्नाचा भाग काढून तो भूमीवर ठेवावा असे मनुस्मृती सांगते. पुढे काकबली व श्वानबली या नावांनी तो आचार घरोघर रूढ झाला. श्वानबली देताना ज्या श्याम व शबल या दोन कुत्र्यांचे स्मरण होते, ते यमाच्या द्वारी बसणारे, सरमेचे पुत्र. म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्याचा घासावर हक्क आहे, हे शास्त्राने मान्य केले. परंतु हा घास दाराबाहेर. गृहस्थाने ज्यांचे पोषण केलेच पाहिजे असा जो पोष्यवर्ग स्मृतिकारांनी सांगितला, त्यात माता, पिता, गुरू, भार्या, अपत्ये, आश्रित, अतिथी ही सर्व आहेत; कुत्रे नाही. त्याच्या स्पर्शाचा तर विटाळ.

ही मर्यादा केवळ सोवळ्याची होती असे म्हणून मोकळे होणे आम्हांस रास्त वाटत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रोग एकदा प्रकट झाला म्हणजे मनुष्य जवळपास निश्चितपणे दगावतो. पाश्चरने इ. स. १८८५ मध्ये त्यावर लस टोचून दाखविली, आणि हिंदुस्थानात कसौली येथे तिची संस्था निघाली ती इ. स. १९०० मध्ये. तोवर या भयावर उंबरठ्यावाचून दुसरा उपाय नव्हता. आजही मनुष्यास हा रोग होतो तो बहुतांशी कुत्र्यापासूनच. ज्यांच्या घरातील मूल चावले गेले आहे, त्यांस भूतदयेचे धडे देण्याचा अधिकार कोणासही नाही.

मांजराची गोष्ट वेगळी. बळदात व कणगीत धान्य साठविणाऱ्या घरास मांजर हवेच असे. त्याने तोंड लावलेले दूध टाकीत, पण त्याच्या अंगस्पर्शाचे कोणी मनास लावून घेत नसे. मांजरी पिले सात घरे फिरविते असे आपल्याकडे म्हणतात. तेव्हा ती कोणत्या आळीत व्याली व कोणाच्या माळ्यावर पिले वाढली, याचा हिशेब कोण ठेवणार? आमच्या परभणीसारख्या गावी या सात घरांत हिंदूंची व मुसलमानांची दोन्ही घरे येतात. मांजर हे तुमच्या भोवती वावरणाऱ्यांपैकी असल्याने अपवित्र नव्हे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. प्रेषितांच्या एका अनुयायाचे तर अबू हुरैरा, म्हणजे ‘मांजराच्या पिलाचा पिता’, हेच नाव रूढ झाले.

कुत्र्यास उंबरठ्याच्या आत घेण्याचा प्रश्न महाभारतकारांनी मात्र टाळला नाही. आदिपर्वाच्या आरंभीच जनमेजयाच्या सत्रात आलेल्या एका निरपराध कुत्र्यास राजाचे भाऊ मारतात आणि त्याची माता सरमा राजास शाप देते. महाप्रस्थानिकपर्वात युधिष्ठिर मागे लागलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारितो. तेथील वादात इंद्राचे म्हणणे शास्त्राचेच आहे: कुत्रेवाल्यास स्वर्गात स्थान नाही. युधिष्ठिर त्यावर शुद्धाशुद्धीचा वाद घालीतच नाही. जो आपल्या आश्रयास राहिला त्याचा त्याग करणे हे पाप, एवढेच तो म्हणतो, आणि या वृत्तीस तेथे ‘आनृशंस्य’ हा शब्द आला आहे. ‘दया’ असा त्याचा अर्थ करितात, तो आम्हांस पुरता पटत नाही. दया दुरूनही करिता येते; आनृशंस्यात सोबत गृहीत आहे.

संतचरित्रांत हा प्रश्न पुन्हा येतो. लीळाचरित्रात व्याधांच्या कुत्र्यांपुढे धावत आलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो व स्वामी त्यास अभय देतात. नामदेवांचे नरसी गाव आता हिंगोली जिल्ह्यात असले तरी दि. १ मे १९९९ पर्यंत ते आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा इकडे मुलासही ठाऊक असते. परंतु कथा तेथेच संपते. त्या कुत्र्याचे पुढे काय झाले हे कीर्तनकार सांगत नाहीत. गंगाखेडची जनाबाई पोरवयात नामदेवांच्या घरी आली व त्याच घराची झाली, हे त्या कुटुंबाचे औदार्य आम्ही जाणतो. तरी कुत्र्याच्या कथेत ते दाराबाहेरच राहते.

राजांच्या कुत्र्यांविषयी येथे विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. रायगडावरील वाघ्याची कथा समकालीन साधनांत नाही, आणि तेथील पुतळा इ. स. १९३६ मधील. शाहू महाराजांच्या खंड्याचे तसे नाही. वाघाच्या शिकारीत प्राण वाचविल्याबद्दल महाराजांनी आपल्या कुत्र्यास जहागीर व पालखी दिल्याचे ग्रँट डफने नोंदविले आहे, आणि खंड्याची समाधी संगम माहुली येथे आहे. पण ती राजाची कृतज्ञता होय; तिच्यावरून लोकाचार सिद्ध होत नाही.

निराश्रित प्राण्यांचा भार समाजाने एकत्रितपणे उचलल्याचे आपल्या भागातील ठळक उदाहरण मुंबईचे. इ. स. १८३२ च्या उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची मुदत सरकारने वाढविली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने मारेकरी घराच्या दारातली कुत्रीही सोडीनात. जून महिन्यात पारशी लोकांनी त्याविरुद्ध दंगा केला व शहराचे व्यवहार बंद पाडले. इ. स. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद प्रभृतींच्या पुढाकाराने भुलेश्वराजवळ पांजरपोळ निघाला. मारण्यापेक्षा तेथे ठेवा, ही त्यामागील कल्पना. पुढे इ. स. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याच्या निवारणार्थ मुंबईत संस्था स्थापन झाली व परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले. मुंबईचा पांजरपोळ आज मुख्यत्वे गाईंचा आहे. ज्या कुत्र्यांसाठी रस्त्यावर दंगा झाला, त्यांची जागा संस्थेत टिकली नाही. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही; गाईस चारा घालून पुण्य घेणारे रोज येतात, लंगड्या कुत्र्यासाठी कोण येणार?

येथे खेड्यातील एका व्यवहाराची आठवण देणे अवश्य आहे. आमच्याकडे शेळी वा कालवड अर्धेलीने सांभाळावयास देतात. मालक एक, पाळणारा दुसरा, आणि झालेल्या वाढीचे दोन वाटे. परक्याचे जनावर आपल्या दावणीस काही काळ वाढवावे, ही कल्पना अशा रीतीने कुणब्यास मुळीच नवी नाही. कुत्र्याच्या बाबतीत ही चाल पडली नाही, त्याचे कारण उघड आहे: वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही. सांभाळणाराच्या वाट्यास श्रम, आणि शेवटी ताटातूट.

तरी अशा निर्लोभ सांभाळास आपल्या धर्मशास्त्रात नाव नाही असे नव्हे. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू आपल्यासारखी जपावी व वेळ येताच परत करावी, याला निक्षेप किंवा न्यास म्हणतात. शास्त्रात तो द्रव्याचा व्यवहार होय. त्याला जीव दिला कालिदासाने. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात जन्मतःच आई गेलेले एक हरिणाचे पाडस शकुंतलेचे वस्त्र धरून ओढते. दर्भाने त्याचे तोंड चिरले तेव्हा हिने इंगुदीचे तेल लावलेले, श्यामाक मुठीमुठीने भरवून वाढविलेले. निघताना ती त्यास सांगते की, आता बाबा तुझी काळजी घेतील. म्हणजे सांभाळ एका हातातून दुसऱ्या हाती जातो. आणि त्याच अंकाच्या शेवटी, जिला स्वतः पोसले त्या मुलीस सासरी पाठवून कण्व म्हणतो की, ठेव परत केल्यासारखे मन हलके झाले. पाडस व शकुंतला या दोघांची स्थिती एकच आहे, ही गोष्ट चौतीस वर्षे तो अंक शिकवूनही आमच्या ध्यानात उशिरा आली. उलट बाजू भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. भरत राजानेही नदीत पडलेले पाडस दयेनेच उचलले. पण ते सोडवेना, मरणसमयी चित्त त्यातच राहिले, आणि तो हरिणाच्या जन्मास गेला. पाडस वाचविले यात पुराणकार दोष मानीत नाही. ते आपले मानले यात मानतो.

आता वर्तमानाकडे वळू. इ. स. १९६० चा प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायदा, इ. स. २००१ चे कुत्र्यांविषयीचे नियम व त्यांच्या जागी आलेले इ. स. २०२३ चे नियम यांनी निर्बीजीकरण व लसीकरण यांचा भार स्थानिक संस्थांवर टाकला आहे. परभणीस इ. स. १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे आमच्या जिल्ह्याचे भाग्य; गुरांसाठी निघालेल्या त्या विद्यालयाच्या चिकित्सालयात आता कुत्रीमांजरेही येतात. परंतु डॉक्टर उपचार करितो, घर देऊ शकत नाही. निवारागृहात मोठे जनावर कसेबसे निभते. आईवेगळी पिले निभत नाहीत. त्यांस दर काही तासांनी पाजावे लागते, अंगाची ऊब स्वतःस राखता येत नाही, आणि पार्व्हो नावाचा अतिसाराचा रोग गर्दीत शिरला की तान्ही पिले पटापट जातात. कोणाच्या तरी घरातील एक कोपरा काही आठवडे मिळणे, हाच त्यांचा उपाय.

आमचा या विषयाशी संबंध कसा आला, ते सांगितल्यावाचून लेख प्रामाणिक होणार नाही. आम्ही मुख्याध्यापक असता शाळेच्या ओसरीखाली एक कुत्री व्याली. पालकांच्या तक्रारी आल्या, त्या गैर नव्हत्या. आम्ही शिपायास सांगून पिले पोत्यात घालून दुधनेच्या पलीकडे सोडविली. कुत्री तेवढी राहिली. ती चार दिवस वर्गांच्या दारांतून डोकावत फिरत होती, आणि त्याच आठवड्यात आम्ही वरच्या वर्गास शकुंतलेच्या पाडसाची कथा सांगत होतो. त्या वेळी यात आम्हांस काही विपरीत दिसले नाही.

इ. स. २०२५ च्या पावसाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी खोक्यात दोन पिले घेऊन दारी आला. आई वसमत रस्त्यावर वाहनाखाली गेलेली, पिले तीन आठवड्यांची. “सर, पंधराच दिवस ठेवा, मग घर बघतो,” तो म्हणाला. आम्ही काही बोलण्यापूर्वी आमच्या कुटुंबाने खोके आत घेतले. पंधरा दिवसांचे नऊ आठवडे झाले. पशुवैद्याने दिलेले दुधाचे चूर्ण, रात्रीचे उठणे, जुन्या धोतरांच्या घड्या, हे सर्व तिनेच केले. आम्ही वेळा लिहून ठेवीत असू. सातव्या आठवड्यात दोन्ही पिलांस पार्व्हो झाला. पाच दिवस सलाईन चालले. एक गेले, ते आम्ही अंगणात कडुनिंबाखाली पुरले. दुसरे वाचले.

तेव्हा तिने सांगितले की, आपल्या सासूबाईही, म्हणजे आमच्या मातोश्री, दरसाल कोणाची तरी पिले चुलीमागे वाढवून शेतावर देत असत. आम्ही त्याच घरात वाढलो, आणि आम्हांस हे स्मरत नव्हते. श्वानबलीस स्मृतींचा आधार, पांजरपोळास दानपत्रे, खंड्यास जहागीर. चुलीमागच्या सांभाळाचा मात्र कोठेही कागद नाही, कारण करणाऱ्या बायकांस तो लिहिण्याजोगा वाटला नाही आणि लिहिणाऱ्या पुरुषांस तो दिसला नाही.

वाचलेले पिलू पूर्णेच्या एका कुटुंबास दिले. देण्याच्या दिवशी आम्ही जुन्या धर्तीवर एक यादी केली: तारीख, रंग तांबूस, छातीवर पांढरा ठिपका, झालेल्या लसी, पुढील लशीची मुदत, गडगडाटास भिते, भाकर दुधात कुस्करून खाते, निर्बीजीकरण सहा महिन्यांनी करणे, न निभल्यास रस्त्यावर न सोडता आम्हांकडे परत आणणे. घेणाऱ्याने खाली सही केली. आमच्या कुटुंबासही सही करावयास सांगितले, तेव्हा तिने आधी पदराने हात पुसले. त्या यादीची एक प्रत त्यांच्याकडे आहे. दुसरी आम्ही आमच्या दप्तरात, मातोश्रींच्या नावे असलेल्या रुमालात बांधून ठेविली आहे.