ठपका कुणावरच नव्हता

चौकशी अहवालाची भाषा मला नेहमीच कवितेच्या उलट वाटत आली आहे. न बोललेलं वाचकाला ऐकू यावं ही कवीची धडपड. न लिहिलेलं कुणी वाचू नये ही अहवाल लिहिणाऱ्याची. पण अमेरिकेच्या आरमाराने मार्च १८९८ मध्ये एक अहवाल लिहिला आणि लोकांनी त्यातलं नेमकं न लिहिलेलंच वाचलं. ‘मेन’ नावाच्या युद्धनौकेच्या विनाशाचा तो अहवाल.

क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. १८९५ पासून तिथे स्वातंत्र्याचं बंड पेटलेलं होतं, आणि शेजारच्या अमेरिकेचं लक्ष त्या बेटावर होतंच. साखरेचं होतं, व्यापाराचं होतं, काहींचं माणुसकीचंही होतं. २५ जानेवारी १८९८ रोजी ‘मेन’ हवानाच्या बंदरात येऊन थांबली. सांगायला मैत्रीची भेट. तीन आठवडे काही घडलं नाही. १५ फेब्रुवारीच्या रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी, कप्तान सिग्सबी आपल्या केबिनमध्ये घरी पत्र लिहीत बसले असताना, जहाजाचा पुढचा भाग उडाला. जहाजावर साडेतीनशेंहून अधिक माणसं होती. त्यातली अडीचशेंहून अधिक गेली. खलाशी पुढच्या भागात झोपत आणि अधिकारी मागच्या. त्यामुळे मेलेल्यांत अधिकारी फक्त दोन. बंदरातल्याच ‘अल्फोन्सो बारावा’ या स्पॅनिश युद्धनौकेने होड्या सोडून जखमींना वर काढलं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

सिग्सबींनी त्याच रात्री वॉशिंग्टनला तार केली. अधिक माहिती येईपर्यंत लोकांनी मत बनवू नये, अशी विनंती तिच्यात होती. ज्याच्या डोळ्यांदेखत जहाज बुडत होतं, त्या माणसाने हे लिहिलं! न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना मात्र थांबायला वेळ नव्हता. हर्स्टच्या ‘जर्नल’ने गुन्हेगार पकडून देणाऱ्याला ५० हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. म्हणजे गुन्हा घडला आहे हे ठरूनच गेलं होतं, फक्त गुन्हेगार सापडायचा होता. स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत कुणाची नावं ओठांवर येतात, हे आपल्याकडच्या शहरांत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आरमाराने चौकशी मंडळ नेमलं. अध्यक्ष कप्तान विल्यम सॅम्पसन. साधा माणूस नव्हे. आरमाराच्या दारूगोळा खात्याचा प्रमुख राहिलेला. २१ फेब्रुवारीला मंडळ हवानात पोहोचलं. वाचलेल्यांच्या साक्षी झाल्या, पाणबुडे गाळात उतरले. पाणी इतकं गढूळ की पुष्कळशी तपासणी हाताने चाचपूनच करावी लागली. पॉवेलसन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने त्यांनी सांगितलेलं कागदावर मांडलं, आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. जहाजाच्या तळाचा कणा अठराव्या फासळीपाशी वर उचलला जाऊन उलट्या ‘व्ही’सारखा वाकला होता. तळाचे काही पत्रे आत वळले होते. मंडळाने अनुमान काढलं की खालून पाणसुरुंग फुटला आणि त्याने जहाजातला दारूसाठा पेटवला.

स्पेनने संयुक्त चौकशीची मागणी केली होती. ती अमेरिकेने नाकारली. मग स्पेनच्या अधिकाऱ्यांनी आपली वेगळी चौकशी केली. त्यांचे प्रश्न साधे, एखाद्या कोळ्याला सुचावेत असे. सुरुंग पाण्यात फुटला तर पाण्याचा स्तंभ उसळायला हवा. तो कुणी का पाहिला नाही? बंदरात मेलेले मासे का तरंगले नाहीत? वीज देऊन सुरुंग उडवला असेल, तर तारा कुठे आहेत? त्यांचा निष्कर्ष: स्फोट आतूनच झाला. अमेरिकेत त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शत्रूला मेलेल्या माशांची आठवण होते, एवढंच लोकांना दिसलं असावं.

आतून म्हणजे कसा? ‘मेन’च्या पुढच्या भागात दारूकोठाराला लागून कोळशाची कोठी होती. दोन्हींच्या मध्ये लोखंडी भिंत, बस. बिट्युमिनस जातीचा कोळसा साठवून ठेवला की आतल्या आत तापत जातो, आणि ज्योत न लावता पेटतो. आमच्या कोकणातून आगबोटींवर गेलेले आगवाले आणि कोळसेवाले यांना हे शिकवावं लागत नसे. कोठीच्या भिंतीला हात लावून पाहायची सवयच त्यांना असे. अमेरिकेच्या आरमारालाही ते ठाऊक होतं. त्यांच्याच ‘सिनसिनाटी’ या क्रूझरवर कोळशाच्या आगीची झळ दारूकोठारापर्यंत पोहोचली होती. आरमाराचे तज्ज्ञ फिलिप अल्जर यांनी तर स्फोटानंतर थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रात सांगितलं की कारण आतलं दिसतं. मंडळाने त्यांना साक्षीला बोलावलं नाही. त्या दिवशी कोठी गरम नव्हती, असं जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी मात्र शपथेवर सांगितलं, आणि ते खोटं बोलले असं म्हणायला आधार नाही.

सॅम्पसन लबाड होता असं मला वाटत नाही. अडचण वेगळी होती. आग आतली ठरली, तर दोष जहाजाच्या आराखड्याचा, देखरेखीचा, म्हणजे आरमाराचाच. तपासणारे आरमाराचे, साक्षीदार आरमाराचे. खाली गाळात वाकलेला कणा दिसताच मंडळाला सुटकेचा रस्ता दिसला असेल, तोही नकळत. अहवालात अधिकारी आणि खलाशी निर्दोष ठरले. आणि मग आलं ते वाक्य, ज्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला: कोणत्याही व्यक्तीवर जबाबदारी निश्चित करता येईल असा पुरावा मंडळाला मिळालेला नाही. स्पेनचं नाव त्यात नाही. ठपका कुणावरच नाही.

पण सुरुंग म्हटल्यावर तो पेरणारा आलाच. स्पेनच्या बंदरात दुसरा कोण? २८ मार्चला अहवाल काँग्रेससमोर ठेवला गेला, एप्रिल संपण्याआधी युद्ध जाहीर झालं. युद्ध केवळ या अहवालामुळे झालं असं म्हणणं भोळेपणाचं ठरेल. क्यूबातली उपासमार होती, राजकारण होतं, आरमाराला नवे तळ हवे होते. तरी ‘मेनला विसरू नका’ ही आरोळी नसती, तर इतकी माणसं इतक्या आनंदाने भरती झाली असती का? सॅम्पसन स्वतः तोवर अटलांटिकमधल्या ताफ्याचे प्रमुख झाले होते. वर्षअखेरीस पॅरिसचा तह झाला. पोर्टो रिको आणि ग्वाम अमेरिकेला मिळाले, फिलिपिन्स दोन कोटी डॉलरला. त्या फिलिपिन्समध्ये पुढे जे युद्ध झालं, त्यात लढाई, भूक आणि रोगराईने दोन लाखांपर्यंत सामान्य माणसं मेली असा अंदाज आहे. हवानाच्या बंदरापासून ते किती दूर!

१९११ साली जहाजाभोवती पोलादी बंधारा घालून पाणी उपसलं आणि सांगाडा उघडा केला. रिअर अ‍ॅडमिरल व्रीलँड यांच्या मंडळाने पुन्हा तपासलं. स्फोट बाहेरूनच, पण जागा वेगळी, अठराव्या फासळीच्या बरीच मागे! म्हणजे पहिल्या मंडळाचा सारा भार ज्या उलट्या ‘व्ही’वर होता, तो दुसऱ्याने काढून घेतला, निष्कर्ष मात्र ठेवला. मग १६ मार्च १९१२ रोजी सांगाडा समुद्रात ओढत नेऊन सन्मानपूर्वक बुडवला.

अणुपाणबुड्यांचे जनक अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी १९७४ साली वर्तमानपत्रातला एक लेख वाचला आणि त्यांना हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. त्यांनी आरमाराच्याच दोन तज्ज्ञांना १९११ ची छायाचित्रं आणि आराखडे दिले. १९७६ साली पुस्तक निघालं: स्फोट आतला, बहुधा कोळशाच्या आगीचा, आत वळलेले पत्रे हा आत घुसलेल्या पाण्याच्या लोंढ्याचा परिणाम. १९९८ मध्ये संगणकावर पुन्हा मांडणी झाली. कोळसाही शक्य, सुरुंगही शक्य, असं उत्तर आलं, आणि तज्ज्ञांत वाद झाला.

हवानात किनाऱ्यावर ‘मेन’चं स्मारक आहे. त्याच्या माथ्यावरचा गरुड क्यूबाच्या क्रांतीनंतर, १९६१ साली, उतरवला गेला. नंतर खाली नवा मजकूर बसवला: हे खलाशी साम्राज्यवादी हावरेपणाचे बळी. म्हणजे अमेरिकेनेच ते घडवलं असं सुचवणारा. पुराव्याची वाट तिथेही कुणी पाहिली नाही. जहाज स्वतः २००० साली सापडलं, हवानाजवळच, साडेतीन हजार फुटांहून अधिक खोल पाण्यात. पुढचा भाग त्याला नाहीच.