पहिला पाठ आणि नांगराची मूठ

पहिल्या पाठाआधी छात्राध्यापक टाचण लिहितो. उद्दिष्टे, प्रस्तावना, विषयविवेचन, मूल्यमापन, गृहपाठ असे त्याचे रकाने. जर्मन विचारवंत हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पाच पायऱ्यांची ही परंपरा. टाचण नेटके असते. वर्ग तसा नसतो. बुलढाणा जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि पटावरची काही मुले शेतात असतात. जी येतात, त्यांच्याकडून प्रस्तावनेच्या प्रश्नाला अपेक्षित उत्तर मिळतेच असे नाही. वऱ्हाडीत भलतेच काही येते, वर्ग हसतो आणि नवा शिक्षक गोंधळतो.

शिक्षक आणि शेतकऱ्याचे मूल यांच्यातले हे अंतर जोतीराव फुले यांनी फार पूर्वी ओळखले होते. १८४८ पासून शाळा चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९ ऑक्टोबर १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी प्रशिक्षित, शक्यतो शेतकरी समाजातले शिक्षक मागितले; मुलांत मिसळणारे, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारे. त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, असेही सुचवले. निवेदन मुंबई इलाख्यापुरते होते आणि बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात. पण प्रश्न इथलाही होताच.

प्रशिक्षण जोतीरावांनाही हवे होते. मात्र तेवढे पुरेसे नाही, हे त्यांनी जाणले. मिसळण्याला टाचणात रकाना नाही. म्हणून पहिल्या पाठाचे निरीक्षण करताना वेळेत पायऱ्या संपल्या का, यापेक्षा ते भलते उत्तर छात्राध्यापकाने थांबून ऐकले का, हे आधी पाहावे.