बारामती-इंदापूरचा शेतीसल्ला आणि कायदा
नीरा डाव्या कालव्याने 1885 च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात बारमाही ऊस शक्य केला आणि खतपाण्याच्या सल्ल्याची गरजही वाढवली. हा सल्ला संस्थात्मक झाला तो मात्र बारामतीत 1971 मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट व 1992 मध्ये कृषी विज्ञान केंद्र उभे राहिल्यावर. दरम्यान 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीसाठी, म्हणजे कामातील उणिवेसाठी, भरपाई मागण्याची सोय केली, परंतु विनामूल्य सेवा कक्षेबाहेर ठेवली. साहजिकच, डाळिंबावरील तेल्या रोगासाठी औषधाची बाटली विकताना दुकानदार फुकट, आणि बहुधा तोंडीच, जे सांगतो त्याची जबाबदारी निश्चित करणे अवघड जाते. सदोष बियाण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानले; पण बियाणे प्रयोगशाळेत तपासता येते, काउंटरवरचा शब्द कसा तपासणार?