पाठीवरचा पत्रा

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या शनिवारी मखराचे खोके न्यायला मंडळातले एक ज्येष्ठ काका आमच्या गराजमध्ये आले होते. खोके काढता काढता त्यांची नजर खिळ्याला टांगलेल्या एका स्टीलच्या पत्र्यावर गेली. शाळेतल्या पाटीपेक्षा थोडा मोठा, मधोमध पन्हळीसारखा वाकवलेला, भोके पाडलेला आणि त्यातून ओवलेला जाड काळा पट्टा.

"अरे, हे काय? बैलाचं जू टांगून ठेवलंयस की काय?"

"काका, ती माझी स्कूबाची बॅकप्लेट. पाठीवर बांधायची असते."

काकांनी एकदा पत्र्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "बुडायला एवढी तयारी लागते होय!" म्हणाले आणि खोके घेऊन गेले.

विनोद सोडून द्या, पण प्रश्न रास्त होता. पाठीला पत्रा कशाला? हल्ली तो मलाही छळतो आहे, कारण माझा डावा खांदा आखडला आहे. फ्रोझन शोल्डर, चाळिशीची भेट. हात मागे जात नाही, आणि पत्र्याचा पट्टा घालायला आणि काढायला हात मागेच न्यावा लागतो. मागच्या उन्हाळ्यात फ्लोरिडा कीजमध्ये डाइव्हनंतर हलत्या बोटीवर मी त्या पट्ट्यात असा अडकलो की बोटीवरच्या दोन पोरांनी मला ओढून सोडवले. बायको समोरच बसली होती. तेव्हापासून घरात विषय एकच: पत्रा ठेवायचा की मऊ, कापडी हार्नेस घ्यायचा? आमच्या आयटीच्या धंद्यात जुनी सिस्टीम मोडीत काढण्यापूर्वी ती मुळात कोणी आणि कशासाठी बांधली ते पाहतात (निदान पाहावे असे म्हणतात). म्हणून हा इतिहास.

मूळ अडचण साधी आहे. पंधरा-सतरा किलोची हवेची बाटली माणसाच्या पाठीला बांधायची कशी? १९४३ मध्ये फ्रान्समध्ये नौदलातले अधिकारी झाक-इव्ह कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग सिद्ध केले, तेव्हा उत्तरही साधेच होते: सिलिंडरला पट्टे लावून ते दप्तरासारखे खांद्यावर घ्यायचे. कमरेला शिसे, आणि वर-खाली होण्यासाठी फक्त आपली फुप्फुसे. पुढे १९६० च्या दशकात प्लास्टिकची साच्यातली पाठ आली, तिला सिलिंडर पट्ट्याने आवळता येऊ लागला.

पण पाण्यात माणसाचे वजन स्थिर राहत नाही. हवेलाही वजन असते हे आपण विसरतो. नेहमीच्या ८० घनफुटी सिलिंडरमध्ये जवळजवळ पावणेतीन किलो हवा मावते. ती संपत जाते तसतसा डायव्हर हलका होत जातो. शिवाय खोल गेले की रबरी सूट दाबला जातो आणि त्याची तरंगण्याची ताकद घटते, वर येताना ती परत येते. म्हणजे कधी दगडासारखे खाली जाणे, कधी बुचासारखे वर येणे. यावर उपाय म्हणून १९६१ च्या सुमारास मॉरिस फेन्झी या फ्रेंच गृहस्थांनी गळ्यात अडकवायची फुगणारी पिशवी आणली. घोड्याच्या गळ्यातल्या जाड पट्ट्यासारखी दिसते म्हणून तिला हॉर्स कॉलर म्हणत. १९७० च्या दशकात पिशवी आणि पाठ एकत्र शिवून जाकीट तयार झाले. तारकर्लीला कोणी स्कूबा केले असेल तर त्यांनी बहुधा हेच घातले असणार. घालायला सोपे, पाण्यावर माणसाला उभे धरून ठेवणारे. हौशी माणसाला आणखी काय हवे?

इथे कथेचे ठिकाण बदलते आणि ती माझ्या ओळखीच्या गावांत येते. उत्तर फ्लोरिडाची जमीन चुनखडीची आहे, आणि तिच्या पोटात पाण्याने भरलेल्या मैलोन् मैल गुहा आहेत. मी २००० च्या दशकात गेन्सव्हिलला एम.एस. करायला आलो तेव्हा पाऊण तासावरचे जिनी स्प्रिंग्ज हे आम्हा विद्यार्थ्यांचे स्वस्तातले सहलीचे ठिकाण होते. बारा महिने २२ अंशांचे, काचेसारखे पाणी. स्कूबा शिकल्यावर तिथल्या गुहेच्या तोंडाशी गेलो तर आत एक पाटी. तीवर कोयता घेतलेला सांगाडा, म्हणजे इकडचा यमदूत. मजकुराचा आशय असा की यासारख्या गुहांमध्ये तीनशेहून अधिक डायव्हर गेले आहेत, त्यांत समुद्रात डायव्हिंग शिकवणारे शिक्षकही होते, पुढे जाऊ नका. मी गेलो नाही. आजही माझी मजल सूर्यप्रकाश दिसतो तिथपर्यंतच आहे.

ही माणसे का गेली याचा हिशेब मांडला तो लाइव्ह ओकच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या शेक एक्सली यांनी. १९७९ च्या त्यांच्या छोट्या पुस्तकात अपघातांची चिकित्सा आहे. निष्कर्ष गणिताच्या मास्तरांना शोभतील असेच आहेत: बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, परतीपुरती हवा राखली नव्हती, झेपेल त्यापेक्षा खोल गेले. हवेचा नियम तिसऱ्या हिश्शाचा. एक हिस्सा जाताना, एक येताना, एक अडीअडचणीला. (एक्सली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोनच्या डोहात फार खोल उतरताना गेले. तेव्हा त्यांच्याइतका जाणता माणूस या क्षेत्रात क्वचितच कोणी असेल.)

आता पत्रा कसा आला ते पाहा. एक हिस्सा राखायचा म्हणजे एक सिलिंडर पुरत नाही, दोन हवेत. दोन स्टीलचे सिलिंडर भरून पाठीवर घेतले की ओझे तीस किलोंच्या पुढे जाते, आणि प्लास्टिकची पाठ किंवा शिवलेले जाकीट तिथे हात टेकते. दुसरे म्हणजे गाळ. गुहेच्या तळाशी पिठासारखी बारीक माती बसलेली असते. पाय खाली लोंबत असतील तर फिनच्या दोन फटकाऱ्यांत काचेसारख्या पाण्याचा चहा होतो. स्वतःचा हात दिसत नाही, दोरी दिसत नाही, आणि वर आकाश नसून दगड असतो. तिथे आडवे, सपाट पोहणे ही ऐट नसून परत येण्याची अट आहे. कमरेला शिसे बांधले की पाय खाली जातात. तेच वजन फुप्फुसांच्या मागे पाठीवर ठेवले, आणि फुगणारी पिशवीही छातीवर न ठेवता सिलिंडर आणि पाठ यांच्यामध्ये ठेवली, की शरीर आपोआप आडवे होते.

म्हणून पत्रा, आणि त्यामागे 'विंग' म्हणतात ती पिशवी. याचे श्रेय ग्रेग फ्लॅनगन यांना देतात, साल १९७९. विल्यम होगार्थ मेन यांनी ती कल्पना घासूनपुसून पुढे नेली, आणि त्यांच्या मधल्या नावावरून त्या पद्धतीला होगार्थियन म्हणू लागले. तत्त्व एकच: लागत नाही ते बरोबर घ्यायचे नाही. म्हणून पट्टा अखंड, दोन इंच रुंद, आणि बकल फक्त कमरेला. खांद्यावर बकल नाही, कारण जे नाही ते तुटत नाही. आम्ही ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो आणि मीटिंगमध्ये तासभर चघळतो, तो विषय या लोकांनी एक पट्टा न कापता मिटवला होता.

गंमत म्हणजे मऊ हार्नेसही याच पंचक्रोशीतला आहे. लेक सिटीत १९८४ मध्ये मार्क लेनर्ड आणि लमार हायर्स या गुहांत पोहणाऱ्या दोघांनी डाइव्ह राइट ही कंपनी काढली. प्लेट आणि विंग बाजारात नेणाऱ्यांत ती अगदी सुरुवातीची, आणि १९९० च्या दशकात ट्रान्सपॅक हा कापडी हार्नेसही तिचाच. विंग तीच, पण पत्र्याऐवजी जाड कापड. खांद्याला बकले, छातीला पट्टा, खेचून हवा तसा सैल-घट्ट करावा. घडी घालून बॅगेत जातो. ट्रेकिंगची आताची मऊ सॅक आणि पूर्वीची लोखंडी फ्रेमची सॅक आठवा, साधारण तोच फरक.

दोन्ही सुखाने नांदली असती. पण त्याच दशकात वकुला स्प्रिंगच्या गुहांचा शोध घेणाऱ्या चमूने, विशेषतः जॉर्ज अर्व्हिन यांनी, 'डूइंग इट राइट' हा पंथच उभा केला, आणि १९९८ मध्ये जॅरड जाब्लॉन्स्की यांनी त्याचे शिक्षण देणारी जीयूई ही संस्था काढली. सगळ्यांची सामग्री सारखी, म्हणजे काळोखात जोडीदाराच्या अंगावरची कडी चाचपून सापडली पाहिजे. पत्रा सक्तीचा, खांद्यावरचे बकल त्याज्य. त्यांचा दावा पोकळ नव्हता. डिसेंबर २००७ मध्ये जाब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ली टर्नर सिंकमध्ये उतरले आणि सुमारे ११ किलोमीटर पाण्याखालून जाऊन वकुलाला निघाले, तेही नव्वदेक मीटर खोलीवर. असे काही करणाऱ्याने पट्ट्याला बकल नको म्हटले तर मी ऐकून घेतो.

पण ते ऐकून मी जे केले त्याला अक्कल म्हणता येणार नाही. माझा सिलिंडर एक, डोक्यावर आकाश, खाली प्रवाळ, आणि पंचवीस मीटरच्या खाली मी जात नाही. तरी 'राइट' ते करायचे म्हणून मी पत्रा घेतला. दोन सिलिंडर आणि दगडी छत यांसाठी काढलेले उत्तर मी माझा प्रश्न न तपासता उतरवून घेतले. पत्र्याने मला एक गोष्ट मात्र खरेच दिली, ती म्हणजे आडवे पोहणे. प्रवाळाला माझे फिन लागत नाहीत ते त्यामुळेच. ती सवय आता अंगात मुरली आहे. बाकी राहता राहिला खांदा, आणि बोटीवरची ती दोन पोरे.

मधला मार्ग सुचवणारे मित्र आहेत: डाव्या खांद्यावर पट्टा कापून बकल बसव. होगार्थियन मंडळी याला भ्रष्टाचार म्हणतील. समुद्रात बकल सुटले तर मी जोडीदाराला खूण करून वर येईन, पण अंगातून सामान निघेना तर काय करायचे हे मला माहीत नाही. म्हणजे बकल बसवायला हरकत नव्हती. तरी शेवटी मी कापडी हार्नेसच घेतला, कारण डिसेंबरात मालवणला जायचे आहे. २३ किलोंच्या बॅगेत २.७ किलोंचा पत्रा म्हणजे आत्याच्या बदामांवर गदा. पत्र्याचे वजन आता शिशाने भरून काढावे लागेल. ते कमरेला न बांधता सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या दोन खिशांत पाठीशी ठेवणार आहे. पोहण्याच्या तलावात करून पाहिले, पाय खाली जात नाहीत.

पत्रा अजून गराजमध्येच होता. गेल्या आठवड्यात काका पुन्हा मखराचे खोके न्यायला आले. यंदाचे मखर मागे कलते आहे, टेकू द्यायला काहीतरी भक्कम हवे म्हणून तो खिळ्यावरून काढून घेऊन गेले. पट्टा तेवढा कापू नका, एवढे मी त्यांना बजावले आहे.