गोवे शहराचा पुनर्विजय : सन १५१०

१५१० या एकाच वर्षात गोवे शहराचे धनी तीन वेळा बदलले. विजयनगर व विजापूर यांच्या संघर्षात या बंदराचे मोल विशेष होते. अरबी घोडे येथे उतरत आणि ज्याच्या हाती बंदर त्याचे घोडदळ प्रबळ. होनावरच्या तिमोजाने (तिम्मय्याने) हे हेरून आफोन्सो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनानीस गोव्याकडे वळविले. फेब्रुवारीत शहर फारसा प्रतिकार न होता पडले.

परंतु ते टिकले नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी आदिलशाही फौज खाड्या ओलांडून तिसवाडीत उतरली आणि मे अखेर पोर्तुगीजांना गलबतांवर आश्रय घ्यावा लागला. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी समुद्र कसा खवळतो, हे गोवेकरांस सांगावयास नको. बाहेर पडण्याची वाट बंद, किनाऱ्यावर पणजी किल्ल्याच्या तोफा, आणि अन्नाचा तुटवडा असा की उंदीर व कातडेही खाण्याची पाळी आली. आल्बुकेर्कचा भाचा आंतोनियु द नोरोन्य याच मुक्कामात जखमी होऊन मरण पावला. ऑगस्टच्या मध्यास आरमार सुटले.

सुटका झाली म्हणून तो स्वस्थ बसला नाही. मलाक्केस निघालेली गलबतेही त्याने अडवून धरली आणि सुमारे ३४ जहाजे व दीड हजारांवर पोर्तुगीज घेऊन तो परतला. २५ नोव्हेंबर रोजी, संत कातारीनाच्या दिवशी, एका दिवसात शहर पुन्हा त्याच्या हाती आले. त्यानंतर जे घडले ते विजयाच्या वर्णनांत झाकून ठेवण्याजोगे नाही. २२ डिसेंबरच्या पत्रात राजास त्याने स्वतःच कळविले की शहरातील मुसलमान स्त्री-पुरुषांची कत्तल झाली आणि मृतांचा आकडा सहा हजारांवर गेला. शेतकरी व ब्राह्मण यांस मात्र अभय दिले.

या अभयामुळे स्थानिक हिंदूंस नवी सत्ता सुसह्य वाटली असावी. विजापूरच्या अंमलास ते कंटाळले होते, आणि तिमोजासारख्यांचा स्वार्थही त्यात होता. त्यांस केवळ दोष देणे न्याय्य नव्हे. १५२६ च्या फोरालने गावकरीचे जुने रिवाजही मान्य केले. तथापि १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर पुढे नदीपार नार्वे येथे गेला. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला.